तयारीचा पगार

संविधानाच्या ७४ व्या दुरुस्तीने १९९२ मध्ये बारावी अनुसूची आणली. नगरपालिकांकडे सोपवता येतील अशा १८ विषयांच्या या यादीत सातव्या क्रमांकावर अग्निशमन सेवा आहे. पंचायतींसाठी ७३ व्या दुरुस्तीने अकरावी अनुसूची आणली. तिच्यात पशुसंवर्धनापासून ग्रंथालयांपर्यंत २९ विषय आहेत, पण अग्निशमन त्यात कुठेच नाही. महाराष्ट्रात आज दिसणारी रचना या दोन याद्यांशी जुळणारी आहे. महापालिका आणि नगरपरिषदा आपापली दले आपापल्या तिजोरीतून चालवतात, औद्योगिक विकास महामंडळाचे दल औद्योगिक वसाहतींपुरते असते, राज्याचे अग्निशमन सेवा संचालनालय मार्गदर्शन आणि नियमन करते, आणि सुमारे २८ हजार ग्रामपंचायतींच्या हद्दीत आग लागली की जवळच्या शहरातून बंब येण्याची वाट पाहिली जाते. काम कोणाचे हे संविधानाने सुचवले, पण त्या कामाचे पैसे कोणी द्यायचे हे अनुसूचीत लिहिलेले नाही. हा लेख त्या न लिहिलेल्या ओळीबद्दल आहे.

या प्रश्नावर दोन प्रामाणिक मते आहेत आणि दोन्हींना आधार आहे. म्हणून आपल्याकडच्या शास्त्रार्थाची जुनी रीत येथे वापरली आहे. आधी पूर्वपक्ष जमेल तितक्या ताकदीने मांडायचा आणि मग त्याला उत्तर द्यायचे. उत्तरपक्षाचे मत हे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पूर्वपक्ष मात्र पाडण्यासाठी उभा केलेला पुतळा नाही. त्याने काही ठिकाणी उत्तरपक्षाला आपले म्हणणे बदलायला लावले आहे, आणि ते बदल येथे झाकलेले नाहीत.

पूर्वपक्ष : आगीइतकी स्थानिक आपत्ती दुसरी नाही. पूर दोन दिवस आधी कळतो, दुष्काळ महिनोन्‌महिने चालतो, आगीचा निकाल पहिल्या काही मिनिटांत लागतो. त्या मिनिटांत उपयोगी पडते ते गल्लीचे ज्ञान : कोणत्या बोळात बंब वळत नाही, कोणत्या चौकात पाणी भरता येते, कोणत्या चाळीचा मागचा जिना बंद करून तिथे गोदाम केले आहे. हे ज्ञान मंत्रालयात साठवता येत नाही. आणि जो पैसे देतो तोच जाब विचारतो, हा कारभाराचा साधा नियम आहे. मालमत्ता कराच्या बिलावर ‘अग्निशमन कर’ अशी ओळ असते. ती भरणारा नागरिक नगरसेवकाला विचारू शकतो की बंब वेळेवर का आला नाही. उद्या पैसे राज्याचे झाले की नगरपरिषद म्हणेल, अनुदान आले नाही. राज्य म्हणेल, काम तुमचे आहे. शिवाय इमारतींना परवानगी देणारी आणि त्यातून शुल्क मिळवणारी संस्था नगरपालिकाच आहे. उंच इमारतींचे उत्पन्न तिने घ्यायचे आणि त्या इमारतींच्या आगीचा खर्च राज्याने करायचा, हा न्याय नव्हे.

उत्तरपक्ष : तुमच्या म्हणण्यातला ताब्याचा भाग मला पूर्ण मान्य आहे. केंद्र कुठे असावे, पाणी कुठून भरावे, कोणत्या पेठेची पाहणी आधी करावी, हे गावानेच ठरवावे. माझा मतभेद पैशाच्या भागाशी आहे, आणि तो समजण्यासाठी अग्निशमनाचा खर्च नेमका कशावर होतो ते पाहावे लागेल. एक बंब रस्त्यावर काढायचा तर एक यंत्रचालक, एक तांडेल आणि चार जवान, अशी सहा माणसे धरू. तीन पाळ्यांची १८ झाली. साप्ताहिक सुटी धरली की २१, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरले की सुमारे २४. म्हणजे एक बंब चोवीस तास खऱ्या अर्थाने तयार ठेवायला २४ पगार लागतात, मग वर्षाला वर्दी दहा येवोत की हजार. तीस हजार वस्तीच्या गावात दर साडेबाराशे लोकांमागे एक पगार पडतो. दहा लाखांच्या शहरात असा एकेक बंब असलेली दहा केंद्रे उभारली, तरी दर चार हजारांहून अधिक लोकांमागे एकच पगार पडतो. माणशी खर्च जिथे सर्वांत जास्त, तिथेच माणशी कर सर्वांत कमी. मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटींच्या वर होता. तिला दल पोसणे शक्य आहे. तालुक्याच्या नगरपंचायतीला नाही, आणि त्यात तिचा आळस किंवा बेफिकिरी मुळात नाही. हे साध्या भागाकाराचे उत्तर आहे. जो पैसे देतो तो जाब विचारतो, हे खरे. पण जिथे पैसेच पुरत नाहीत, तिथे जाब विचारून बंब तयार होत नाही.

पूर्वपक्ष : पण मदत होतच नाही असे नाही. लहान नगरपरिषदांना केंद्राची इमारत आणि वाहने यांसाठी राज्याने अनुदाने दिली आहेत. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवांच्या विस्तारासाठी पाच हजार कोटींची योजना आणली. त्यात बहुतेक राज्यांना आपला २५ टक्के वाटा घालावा लागतो, आणि त्यातले ५०० कोटी कायदेशीर व रचनात्मक सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी बाजूला ठेवले आहेत. जकात गेल्यानंतर नगरपरिषदांना सहायक अनुदानही मिळते. इतके असताना तक्रार पैशाची नसून पैसे वापरण्याची आहे.

उत्तरपक्ष : या साऱ्या मदतीचा रोख पाहा. तिचे लक्ष इमारत, वाहन, उपकरण, प्रशिक्षण यांवर आहे. ही एकदा होणारी खरेदी आहे. बंब खरेदी करता येतो, तयारी खरेदी करता येत नाही. तयारी म्हणजे रात्री तीन वाजता घंटा वाजल्यावर दीड-दोन मिनिटांत गाडीत चढणारी, एकमेकांची सवय असलेली सहा माणसे. त्यांचा पगार दर महिन्याला द्यावा लागतो आणि तो देणारी कोणतीही भांडवली योजना नाही. इथे आपल्या नियमांतला एक मोठा अडसर पुढे येतो. स्थानिक संस्थेचा आस्थापना खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या आत असावा, असे राज्याचे बंधन आहे. हेतू चांगला आहे, पण लहान नगरपरिषदेचे उत्पन्नच इतके कमी असते की कारकून, सफाई कामगार आणि पाणीपुरवठ्याची माणसे धरताच ती मर्यादा ओलांडली जाते. मग जवानांची भरती थांबते, किंवा रोजंदारीवर आणि ठेक्याने चालक घेतले जातात. कोणत्या नगरपालिकेत किती पदे असावीत याचा आकृतीबंधही राज्य सरकारच मंजूर करते. म्हणजे पदे किती ठेवायची हे राज्य ठरवते, ती भरू नका हे राज्याची मर्यादा सांगते, आणि पगार मात्र नगरपालिकेने द्यायचा. तुम्ही म्हणता तसे जो पैसे देतो तो निर्णय घेतो, हे तत्त्व इथे आजच उलटे झाले आहे. सहायक अनुदानाचे म्हणाल, तर ते गेलेल्या उत्पन्नाची भरपाई आहे. ते सर्वसाधारण तिजोरीत जाते आणि आधीपासूनच्या पगारांत संपते. त्यातून नवे दल उभे राहू शकत नाही.

पूर्वपक्ष : मग प्रत्येक सेवेबद्दल हेच म्हणता येईल. पाणी, कचरा, दिवे, रस्ते, सगळीकडे लहान गावाची माणशी किंमत जास्त आणि उत्पन्न कमी. उद्या सगळेच राज्याने द्यायचे असेल, तर स्थानिक स्वराज्य या शब्दाला अर्थ काय उरतो? अग्निशमनात असे वेगळे काय आहे?

उत्तरपक्ष : दोन गोष्टी वेगळ्या आहेत. पहिली हद्दीची. गावाचा कचरा गावाचा असतो, गावाची नळयोजना शेजारच्या गावाला पाणी देत नाही. बंब मात्र हद्दीवर थांबू शकत नाही. उसाच्या फडाची आग, महामार्गावर उलटलेला टँकर, वाडीवर पेटलेली घरे, औद्योगिक वसाहतीबाहेरचा कारखाना, या सर्व वर्द्या जवळच्या नगरपालिकेच्या केंद्रात येतात. ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यातील उरवडे येथे एका रासायनिक कारखान्याच्या आगीत डझनाहून अधिक कामगार गेले आणि त्यांत बहुतेक महिला होत्या. ते गाव आहे. तिथे अनुसूचीप्रमाणे अग्निशमन हा कोणाचाच विषय नाही. २४ ऑगस्ट २०२० रोजी महाडमध्ये पाच मजली इमारत कोसळली, १६ जणांचा मृत्यू झाला, आणि ढिगारा उपसायला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्या बाहेरून बोलवाव्या लागल्या. एका नगरपरिषदेने असे बचावकार्य स्वतःच्या बळावर करावे, ही अपेक्षाच धरता येत नाही. हद्दीबाहेर गेल्यावर शुल्क घेण्याची पद्धत आहे, पण ते शुल्क त्या फेरीचे असते, वर्षभराच्या तयारीचे नसते. आणि बंब बाहेर गेला की ज्यांनी कर भरला ते गाव तेवढा वेळ उघडे पडते. या बाबतीतला सर्वांत जुना आणि मोठा दाखला मुंबईचाच आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ जहाजाचा स्फोट झाला आणि मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. जहाज महायुद्धाच्या कामावर होते, त्यात कापसाबरोबर स्फोटके भरली होती. शहराच्या करावर पोसलेल्या दलाने ज्या धोक्यापुढे छाती दिली, तो शहराने निर्माण केलेला नव्हता. त्यांच्या स्मरणार्थ तो दिवस आज देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. सेवा देशाची मानायची आणि खर्च गावाचा ठेवायचा, यात मोठी विसंगती आहे.

दुसरी गोष्ट मतदाराच्या नजरेची. कचरा चार दिवस उचलला नाही तर प्रत्येक घराला कळते, पाणी आले नाही तर मोर्चा निघतो. अग्निशमन केंद्रात सहाऐवजी दोनच माणसे आहेत, हे कोणालाच दिसत नाही. ते दहा वर्षांतून एकदा, एखाद्याच घराला कळते, आणि तेव्हा ते घर उरलेले नसते. त्यामुळे निवडणुकीवर चालणारी स्थानिक संस्था कितीही प्रामाणिक असली, तरी या सेवेला तिच्याकडून कमी पैसे मिळणार. रोज दिसणाऱ्या गरजांशी न दिसणाऱ्या गरजेची स्पर्धा लावली की न दिसणारी हरते. मोठ्या क्षेत्रात आणि दीर्घ काळात पाहणाऱ्याला मात्र ही आग अपवाद नसते. एका गावात दहा वर्षांतून एकदा होणारी घटना राज्यात दर आठवड्याला होत असते. जोखीम जितक्या मोठ्या समूहात वाटावी तितकी ती पेलायला सोपी होते. पाणी आणि कचरा यांना हा नियम लागू नाही, म्हणून त्यांच्यासाठी मी ही मागणी करत नाही.

पूर्वपक्ष : मोठ्या समूहाचा मुद्दा पटतो, पण मग अर्ध्यावर का थांबता? केरळ, तामिळनाडू, कर्नाटक, गोवा इथे अग्निशमन हे सरळ राज्याचे खाते आहे. दिल्लीचे दलही महापालिकेकडून दिल्ली सरकारकडे गेले. पैसे राज्याचे, माणसे राज्याची, जबाबदारीही राज्याची. पैसे एकाचे आणि ताबा दुसऱ्याचा, या मधल्या वाटेत दोघेही सुटतात.

उत्तरपक्ष : ही सर्वांत जड हरकत आहे आणि राज्याच्या खात्याचे फायदे नाकारता येत नाहीत. एकसारखे प्रशिक्षण, बदली आणि बढतीची सोय, एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात कुमक हलवण्याची मुभा, हे सारे तिथे सोपे होते. लहान नगरपरिषदेतला जवान जिथे लागला तिथेच निवृत्त होतो. पण मालकी बदलल्याने आग टळते का, हे घटनांवरून तपासू. २५ मे २०२४ रोजी राजकोटमध्ये एका खेळघराला आग लागून २७ जण गेले. तिथले दल महापालिकेचे होते आणि खेळघर अग्निशमनाच्या ना हरकत दाखल्याविना चालले होते. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री गोव्यात हडफडे येथील नाइटक्लबमध्ये २५ जण गेले. तिथले दल राज्याचे होते. परवाने देणारे हात आणि आग विझवणारे हात दोन्ही ठिकाणी एकमेकांपासून तुटलेले होते, आणि या तुटण्यावर दोन्ही रचनांपैकी एकीतही उपाय नव्हता. राज्याचे खाते केले की पाणी, नकाशे आणि बांधकाम परवानगी नगरपालिकेकडे राहतात आणि दल त्यांच्यापासून दूर जाते. दल नगरपालिकेकडेच पूर्ण ठेवले, तर मुख्य अग्निशमन अधिकाऱ्याचा पगार आणि भवितव्य त्याच कार्यालयाच्या हातात राहते, ज्याच्या परवानगीला त्याने आडवे यायचे असते. पगार राज्याने द्यायचा आणि रोजचे काम गावाने चालवायचे, या वाटेत दोन्ही दोष कमी होतात. अधिकारी गावातला राहतो, पण नकार देण्याइतका स्वतंत्र होतो. ही वाट आपल्याला नवी नाही. जिल्हा परिषदेच्या शाळा जिल्हा परिषद चालवते आणि तिच्या शिक्षकांचा पगार राज्य देते. त्या व्यवस्थेत उणिवा आहेत, पण दुर्गम तालुक्यातल्या शाळेला शिक्षक मिळतो तो याच व्यवस्थेमुळे. शिवाय संकटात सापडलेला माणूस ज्या तीन हातांकडे पाहतो, त्यांतला पोलीस राज्याचा आहे, १०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्याच्या आरोग्य विभागामार्फत येते, आणि तिसरा हात तेवढा गावाच्या ऐपतीवर सोडलेला आहे. घाबरलेल्या माणसाने फोन फिरवला की तिघे एकाच वेळी निघावेत, असे आपण म्हणतो. त्या तिघांमागच्या तिजोऱ्या मात्र एकसारख्या नाहीत.

पूर्वपक्ष : पैशाने सगळे सुटते असे गृहीत धरू नका. २९ डिसेंबर २०१७ रोजी मुंबईत कमला मिल आवारातल्या आगीत १४ जण गेले. देशातल्या सर्वांत श्रीमंत महापालिकेचे दल तिथे होते. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात दहा नवजात बालके गेली. ते रुग्णालय राज्य सरकारचेच होते. ज्या राज्याला आपल्या रुग्णालयातला बालकक्ष सुरक्षित ठेवता आला नाही, त्याच्या हाती अग्निशमनाची थैली द्यायची? आणि अशा आगींत बंब कितीही लवकर आला तरी उशीरच होतो. रुपया बंबावर घालण्यापेक्षा प्रतिबंधावर घातलेला बरा.

उत्तरपक्ष : प्रतिबंध महत्त्वाचा, यात वाद नाही. पण प्रतिबंध कोण करतो? महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा आहे. त्याप्रमाणे इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने परवानाधारक संस्थेकडून यंत्रणेची तपासणी करून घ्यायची आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, तसे प्रमाणपत्र द्यायचे. ज्याची तपासणी व्हायची तोच तपासणाऱ्याला पैसे देतो. या व्यवस्थेवर विश्वास ठेवायचा तर कोणीतरी अचानक जाऊन पडताळणी केली पाहिजे : पंपात पाणी येते का, जिन्याचे दार उघडते का, धुराचा इशारा वाजतो का. ती पडताळणी करणारी माणसे म्हणजे वर्दी नसलेल्या वेळेतले हेच जवान आणि अधिकारी. पूर्ण मनुष्यबळ असलेले केंद्र दिवसातला बहुतेक वेळ प्रतिबंधाचेच काम करू शकते. दोन माणसांचे केंद्र फोनशेजारी बसून राहते. म्हणून बंब विरुद्ध प्रतिबंध हा पर्याय खरा नाही. दोन्हींच्या मुळाशी तोच पगार आहे. भंडाऱ्याच्या बाबतीत तुमचा मुद्दा मी पुढे नेतो. राज्याचे रुग्णालय राज्यानेच तपासू नये, हे त्यातून सिद्ध होते. म्हणून ताबा आणि तपासणीचा अधिकार राज्याच्या खात्यात विरून जाऊ नये, तो स्थानिक अधिकाऱ्याकडे राहावा आणि सरकारी इमारतीलाही नोटीस देण्याचे बळ त्याच्यात असावे. कमला मिलबद्दल मात्र तुमचे म्हणणे मी जसेच्या तसे मान्य करतो. पुरेसे पैसे असूनही तपासणी ढिली राहू शकते. म्हणून माझी मागणी बिनशर्त अनुदानाची नाही, आणि त्या अटींकडे मी येणारच आहे.

पूर्वपक्ष : अटींआधी पैसा. राज्याची तिजोरी आधीच ताणलेली आहे. आणि देशभरच्या गरजेचे जे आकडे दिले जातात ते पाहून कोणीही हात टेकेल. केंद्रीय गृह मंत्रालयासाठी २०१२ च्या सुमारास झालेल्या अभ्यासाने अग्निशमन केंद्रांची तूट ९७ टक्क्यांच्या वर आणि मनुष्यबळाची ९६ टक्क्यांच्या वर दाखवली होती. इतकी तूट म्हणजे मोजपट्टीच अवास्तव असावी.

उत्तरपक्ष : मोजपट्टी आदर्श होती, हे मानू. किती मिनिटांत बंब पोहोचावा हे ठरवून त्यावरून केंद्रे मोजली की आकडा मोठा येणारच. पण ती मागणी निम्मी केली, अगदी दशांश केली, तरी तूट भरून निघत नाही. आपण एवढेच ठरवू : प्रत्येक तालुक्यात चोवीस तास पूर्ण माणसांनिशी तयार असे किमान एक केंद्र, आणि तालुक्यातली गावे त्याच्या अधिकृत कार्यक्षेत्रात. राज्यात सुमारे साडेतीनशे तालुके आहेत. एका केंद्राला २४ पगार धरले तर हा हिशेब साडेआठ हजारांच्या आसपास पदांचा होतो, आणि त्यांतली काही पदे आज भरलेली आहेत. एका मोठ्या राज्याच्या आस्थापनेत ही संख्या छाती दडपणारी नाही. पैसे उभे करण्याचा एक मार्ग विमाकंपन्यांकडून घेण्याचा आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्ये विमाकंपन्या या सेवेच्या खर्चाचा ७३.७ टक्के वाटा उचलत आल्या. पण तो भार शेवटी विमा उतरवणाऱ्यावर पडतो आणि न उतरवणारा सुटतो. शेजारच्या व्हिक्टोरिया राज्याने २००९ च्या वणव्यांनंतरच्या चौकशीवरून ती पद्धत सोडली आणि २०१३ पासून मालमत्तेवर आकारणी सुरू केली. आपल्याकडे, जिथे बहुतेक घरांचा विमाच नसतो, मालमत्तेवरचा मार्गच योग्य आहे. त्यासाठी नवी यंत्रणाही लागत नाही. नगरपालिकेच्या त्याच बिलातून राज्य शिक्षण कर आणि बिगर-निवासी मालमत्तांवरचा रोजगार हमी कर राज्यासाठी वसूल होतो. अशीच एक छोटी राज्यस्तरीय आकारणी, २००६ च्या कायद्याखाली मोठ्या बांधकामांकडून मिळणाऱ्या शुल्काचा ठरावीक हिस्सा, आणि तितकीच भर राज्याच्या तिजोरीतून, असा स्वतंत्र निधी उभा करता येईल. गावाचा स्वतःचा अग्निशमन कर गावाकडेच राहावा. त्यातून केंद्र, पाणी आणि दुरुस्ती चालावी.

पूर्वपक्ष : म्हणजे मुंबई-पुण्याच्या मालमत्ताधारकाने गडचिरोलीच्या आणि नंदुरबारच्या बंबाचे पैसे भरायचे. तो का भरेल?

उत्तरपक्ष : कारण महाराष्ट्राने हे आधी केले आहे, आणि ते अभिमानाने केले आहे. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळानंतर रोजगार हमी उभी राहिली, तेव्हा शहरातल्या पगारदारांवर १९७५ पासून व्यवसाय कर आला आणि त्या वसुलीइतकी भर राज्याने घातली. शहरातल्या कारकुनाच्या पगारातून कापलेल्या रकमेवर दूरच्या पाझर तलावावर मजूर उभा राहिला. दोघांची भेट कधीच झाली नाही. देशाने पुढे रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हा हा अनुभव त्याच्यासमोर होता. जो समाज अनोळखी माणसाच्या भुकेसाठी वर्गणी काढू शकला, तो अनोळखी माणसाच्या घराच्या आगीसाठीही काढू शकेल. आणि यात शहराचा स्वार्थही आहे. शहरातला माणूस महामार्गावरूनच जातो, शहराचा माल गावाबाहेरच्या कारखान्यांतच बनतो, आणि शहराने परवडत नाहीत म्हणून बाहेर ढकललेले धोके आज ग्रामपंचायतींच्या हद्दीत साठलेले आहेत.

आता अटी. अनुदान मंजूर पदांवर नसावे, प्रत्यक्ष भरलेल्या आणि प्रशिक्षित पदांवर असावे, म्हणजे पदे रिकामी ठेवून पैसा दुसरीकडे वळवता येणार नाही. हे पगार ३५ टक्क्यांच्या मर्यादेत मोजू नयेत, नाहीतर राज्याचा एक हात देईल आणि दुसरा अडवेल. प्रत्येक वर्दीच्या तीन वेळांची नोंद व्हावी : फोन कधी आला, गाडी कधी निघाली, घटनास्थळी कधी पोहोचली. त्या नोंदी आणि तपासलेल्या इमारतींची यादी दर तिमाहीला केंद्राच्या दारावर आणि नगरपालिकेच्या सूचनाफलकावर लागावी. न दिसणारी सेवा दिसू लागली की मतदाराचा जाब पुन्हा जागा होतो, आणि पूर्वपक्षाची सर्वांत रास्त भीती, म्हणजे राज्याच्या पैशाने गाव बेफिकीर होईल ही, त्याच फलकावर उत्तर शोधते. गावांसाठी केंद्राच्या कार्यक्षेत्रात तालुक्यातल्या सर्व ग्रामपंचायती राज्याच्या आदेशाने जोडाव्यात, म्हणजे वाडीवर जाणारा बंब उपकार म्हणून जाणार नाही, तर त्याच्या हद्दीत असल्यामुळे जाईल.

या वादातून पूर्वपक्षाने पुष्कळ मिळवले : ताबा स्थानिक राहिला, अग्निशमन कर गावाकडे राहिला, अनुदानाला अटी लागल्या. त्या आग्रहाशिवाय उत्तरपक्षाचे म्हणणे केवळ आणखी एका अनुदानाची मागणी ठरले असते. उत्तरपक्षाकडे उरले ते एकच म्हणणे, पण ते ठाम आहे. अग्निशमनात आपण आगीचे पैसे देत नसतो, आग न लागलेल्या सगळ्या रात्रींचे पैसे देत असतो. त्या रात्री लहान गावात आणि मोठ्या शहरात सारख्याच लांब असतात, म्हणून त्यांचा खर्च गावाच्या ऐपतीवर सोडता येत नाही. बिगर-निवासी मालमत्तेच्या कराच्या बिलावर आज दोन ओळी जवळजवळ छापलेल्या असतात. ‘रोजगार हमी कर’ या ओळीतला रुपया आपल्याला कधी न दिसणाऱ्या माणसापर्यंत जातो. ‘अग्निशमन कर’ या ओळीतला रुपया वेशीपाशी थांबतो. पहिली ओळ लिहिताना या राज्याने मनाचा जो मोठेपणा दाखवला, तोच दुसरीच्या शेजारी आणखी एक ओळ लिहिताना दाखवावा.